वाढीव काम झाकण्याआधी मोजा : लहान घरं बांधणाऱ्या ठेकेदारांना खुलं पत्र

प्रति,
स्वतंत्र घरांची कामं घेणारे सर्व ठेकेदार

सप्रेम नमस्कार.

घरमालक आणि ठेकेदार यांचं बिलावरून बिनसलं की मोजमापं तपासायला इंजिनिअर बोलावला जातो. हे पत्र अशी मोजमापं आणि बिलं तपासणाऱ्यांकडून आहे. समोर येणारे कागद बहुतेक वेळा सारखेच असतात. दोन पानी कोटेशन, फोनमधले काही फोटो, उचल दिल्याच्या तारखा, आणि शेवटच्या बिलात 'एक्स्ट्रा काम' अशी एकच ओळ. तिच्यासमोर एक गोल रक्कम. भांडण त्या ओळीवर असतं.

सांगायचं ते आधीच सांगतो. त्या रकमेतला बराचसा भाग तुमच्या हक्काचा असतो, पण तुम्हाला तो सिद्ध करता येत नाही. कारण ते काम आता मातीखाली, काँक्रीटमध्ये किंवा टाइलच्या मागे गेलेलं असतं. वाढीव काम झाकलं जाण्याआधी मोजून सही घ्यायची, एवढी एक सवय लागली तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत. उरलेल्या निम्म्यांत तुमची चूक असेल तर तीही लवकर कळेल आणि स्वस्तात सुटेल.

पहिली ठिणगी घराच्या पायाच्या कामात पडते, म्हणून तिथून सुरुवात करू. समजा नकाशात 12 फूटिंग (कॉलमखालचे काँक्रीटचे पाये) आहेत. प्रत्येक 1.5 मीटर बाय 1.5 मीटर, खोली 1.5 मीटर. खोदलं, तळाला पक्की जमीन लागली नाही, इंजिनिअर म्हणाला आणखी 60 सेंटिमीटर खाली जा. तुम्ही गेलात. आता वाढीव खोदाई किती झाली?

मालक फूटिंगचं माप धरतो : 1.5 × 1.5 × 0.6 × 12, म्हणजे 16.2 घनमीटर, साधारण पावणेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). तुम्ही प्रत्यक्ष खड्ड्याचं माप धरता, कारण शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावायला माणूस आत उतरतो आणि त्याला चारही बाजूंनी 30 सेंटिमीटर जागा लागते. मग ते 2.1 × 2.1 × 0.6 × 12, म्हणजे 31.75 घनमीटर, सव्वाअकरा ब्रास. जवळजवळ दुप्पट. तिकडे मुकादमाने माती वाहणारे डंपर मोजलेले असतात. उकरलेली माती 20 ते 30 टक्के फुगते, त्यामुळे त्याच्या वहीत 40 घनमीटर दिसतात. तीन आकडे, तिन्ही खरे. खोटं कोणीच बोलत नाही, तरी तिघंही एकमेकांना चोर ठरवतात. पैसे कुठल्या मापाने द्यायचे हे ठरलेलं नव्हतं, एवढंच.

कोटेशनमध्ये एक ओळ हवी होती : 'खोदाई फूटिंगखालच्या पीसीसीच्या (साध्या काँक्रीटच्या थराच्या) मापाने मोजली जाईल, काम करायची जागा, बाजूंचा उतार आणि मातीचं फुगणं दरात धरलेलं आहे.' किंवा याच्या उलट, 'प्रत्यक्ष खड्ड्याच्या मापाने' असंही चालेल, मग दर त्याप्रमाणे कमी येईल. कुठलंही एक धरा, पण काम सुरू होण्याआधी धरा.

याच खड्ड्यात दुसरी एक गोष्ट घडते, आणि त्यात तुमचंच नुकसान होतं. खोली वाढली की कॉलमही तेवढाच वाढतो. 230 बाय 450 मिलिमीटरचा कॉलम, 16 मिलिमीटरच्या 6 उभ्या सळ्या, 8 मिलिमीटरच्या रिंगा 150 मिलिमीटरवर असं धरलं, तर 12 कॉलमना मिळून पाऊण घनमीटर काँक्रीट, 90 किलोच्या आसपास सळई आणि पावणेदहा चौरस मीटर शटरिंग जास्त लागतं. (सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 16 मिलिमीटरला मीटरमागे 1.58 किलो आणि 8 मिलिमीटरला 0.395 किलो. हे तुम्हाला तोंडपाठ असतं, मालकाला नसतं, म्हणून बिलात लिहा.) शिवाय वाढलेल्या खड्ड्यात भराव आणि त्याची धुम्मस (ठोकून दाबणं). या सगळ्याची वेगळी मापं न लावता अनेक ठेकेदार ते 'जादा खोदाई'च्या दरातच फुगवून बसवतात. मग खोदाईचा दर बाजाराच्या तिप्पट दिसतो आणि मालक भडकतो. पैसे न्याय्य होते, मांडणीने ते लबाडीचे दिसले.

मोजायचं कसं, तेही नीट करा. पीसीसी टाकण्याआधी एक पक्की खूण ठरवा, जी काम संपेपर्यंत हलणार नाही. शेजारच्या भिंतीवरची रंगाची रेघ चालते, खुंटी चालत नाही. ती कोणाच्या तरी पायाने नक्की हलते. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) त्या खुणेपासून खड्ड्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी खोली घ्या, सरासरी काढा. टेप लावून दोन फोटो, एक आकडा वाचता येईल असा जवळचा, दुसरा कुठला खड्डा ते कळेल असा लांबून. फूटिंगचा नंबर पाटीवर लिहून फोटोत दिसू द्या. आणि मापं त्याच वेळी वहीत उतरवून मालकाची किंवा त्याच्या इंजिनिअरची सही घ्या. संध्याकाळी आठवून लिहिलेली मापं कोणी मानत नाही. खडक लागला तर मऊ की कठीण हे इंजिनिअरकडून त्या दिवशीच लिहून घ्या, ब्रेकरचे तास मीटरवर वाचून नोंदवा. पाणी लागलं तर पंपाच्या तासांची रोजची नोंद, रोजची सही. आठवडाभराच्या तासांवर एकदम सही मागितली की ती मिळत नाही, आणि मिळू नये असंच आमचं मत आहे.

मालक साइटवर नसेल तर मापं आणि फोटो त्याच दिवशी पाठवा आणि 'उद्या सकाळी 11 वाजता पीसीसी टाकणार, त्याआधी बघायचं असेल तर बघा' असं लिहा. मात्र समोरून उत्तर आलं नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असं धरून चालू नका. 24 तासांत हरकत न आल्यास माप मान्य समजलं जाईल, अशी अट करारात घातली असेल तरच तुमचं म्हणणं टिकतं.

खरं तर पायातलं आश्चर्य बरंच टाळता येतं. कोटेशन देण्याआधी प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी मीटरभर रुंद आणि फूटिंगच्या अपेक्षित खोलीपेक्षा थोडे खोल चाचणी खड्डे घ्यायला मालकाला सांगा. यंत्राने एका दिवसाचं काम आहे. फक्त हे खड्डे फूटिंगच्या जागेवर बरोबर येऊ देऊ नका, शेजारी घ्या. नाहीतर नेमकी तिथलीच जमीन ढिली होऊन बसते.

आता 'एक्स्ट्रा' या शब्दाखाली तुम्ही जे जे कोंबता त्याबद्दल. त्यात चार निरनिराळ्या गोष्टी असतात आणि चौघींचे पैसे एकाच खिशातून यायचे नसतात. मालकाने मागून केलेला बदल, त्याचे पैसे मालकाचे. जमिनीत किंवा जुन्या बांधकामात निघालेलं, आधी दिसूच न शकणारं काम, तेही मालकाचंच. नकाशात राहून गेलेलं किंवा उशिरा आलेलं ड्रॉइंग, इथेही तुम्हाला पैसे मिळायला हवेत; मालकाने आर्किटेक्टशी काय बोलायचं ते तो बघेल. आणि चौथी, तुमच्याकडून अंदाजात सुटलेलं किंवा चुकून पुन्हा करावं लागलेलं काम. हे तुमच्या अंगावर. चौथ्या प्रकारातली एक जरी बाब पहिल्या तिघांच्या यादीत सरकवलीत, तरी मालक संपूर्ण यादीवर अविश्वास दाखवतो. असं वारंवार होतं.

चौथ्या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे प्लास्टर. आतल्या भिंतीला 12 मिलिमीटर जाडी धरलेली असते. 1:4 मालाने (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) 100 चौरस मीटरला साधारण 9 गोणी सिमेंट लागतं, सांध्यांत जाणारा माल वेगळा. भिंत ओळंब्यात नसेल आणि ती सरळ दाखवायला सरासरी 20 मिलिमीटर जाडी भरावी लागली, तर त्याच भिंतीला 15 गोणी जातात. वरच्या 6 गोणी आणि त्यांची वाळू गवंड्याच्या चुकीची किंमत आहे. ती 'जादा जाडीचं प्लास्टर' म्हणून मालकाला लावता येत नाही. स्लॅबचंही तेच. 125 मिलिमीटरचा स्लॅब सेंटरिंग (खालचा साचा आणि टेकू) खचल्यामुळे सरासरी 135 मिलिमीटर भरला, तर 100 चौरस मीटरला एक घनमीटर काँक्रीट जास्त गेलं, 1:1.5:3 मिश्रणात (सिमेंट, वाळू, खडी) सुमारे 8 गोणी. सिमेंट मालकाचं आणि मजुरी तुमची असा ठेका असेल, तर हा हिशोब फार महत्त्वाचा आहे, कारण मालकाला त्या 8 गोणी चोरीला गेल्या असंच वाटतं. काँक्रीट टाकण्याआधी सेंटरिंगच्या प्लेटवर टेप लावून चार-पाच ठिकाणी खोली तपासली आणि वहीत लिहिली, तर चोरीचा आळही जातो आणि चूक वेळेत सापडते. मालकाचं साहित्य वापरणाऱ्या प्रत्येक कामाला 'हिशोबाने लागणारं' आणि 'प्रत्यक्ष लागलेलं' असे दोन रकाने ठेवा. सळईत 3 ते 5 टक्के तुकडे वाया जातात. ही टक्केवारी, आणि ओव्हरलॅप (सळ्या जोडताना एकमेकींवर येणारा भाग) मोजायचा की नाही, हे आधीच लिहून टाका.

चौरस फुटाच्या दराने ठेका घेणाऱ्यांना तर दोन शब्द जास्तच ऐकवायचे आहेत. हा दर मालकाला सोपा वाटतो, तुम्हालाही सोपा वाटतो, आणि वादाचं बियाणं त्याच सोपेपणात असतं. कुठले चौरस फूट? स्लॅबचे, की भिंतींच्या बाहेरून मोजलेले? बाल्कनी पूर्ण की अर्धी? जिना किती मजल्यांवर मोजायचा, वरची जिन्याची खोली धरायची का, पोर्च, डबलहाइटची मोकळी जागा, लॉफ्ट, खिडकीवरचे छज्जे यांचं काय? जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, गेट, गच्चीवरचा कठडा, बोअरपासूनची पाइपलाइन, विजेचं तात्पुरतं कनेक्शन, कामाला लागणारं पाणी, यातलं दरात काय आणि बाहेर काय? जोत्याची उंची तर हमखास राहून जाते. 450 मिलिमीटर धरलेलं जोतं रस्त्याची पातळी बघून 900 करायचं ठरलं, तर 100 चौरस मीटरच्या घरात 45 घनमीटर दाबलेला भराव वाढतो, सैल मापात त्याहून बराच जास्त, आणि जोत्याची भिंत, कॉलम, पायऱ्या, बाहेरचं प्लास्टर सगळं वाढतं. चौरस फूट मात्र एकही वाढत नाही. तेव्हा दराखाली 'यात काय नाही' ही यादी 'यात काय आहे' याच्यापेक्षा लांब होऊ द्या. काम हातचं जाईल म्हणून ती यादी तुम्ही लिहीत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण न लिहिता मिळवलेलं काम शेवटच्या बिलाला ती किंमत वसूल करतंच.

'चांगल्या प्रतीची टाइल', 'उत्तम कंपनीचे नळ' ही वर्णनं काढून टाका. टाइलसाठी चौरस फुटाला किती दर धरला आहे तो आकडा लिहा, तो दर दुकानातला की कर आणि वाहतुकीसह तेही लिहा, आणि मालकाने महाग किंवा स्वस्त घेतली तर फरक दोन्ही बाजूंनी लागू होईल असं म्हणा. इथे बहुतेकजण फक्त टाइलच्या दरातला फरक लावतात आणि मग तोंडघशी पडतात. 600 मिलिमीटरच्या टाइलऐवजी 1200 बाय 600 ची निवडली, की खालचा थर जास्त सपाट लागतो, साध्या मालाऐवजी अ‍ॅडहेसिव्ह लागतं, उचलायला दोन माणसं लागतात. सरळ लावली तर 5 ते 8 टक्के तुकडे वाया जातात, तिरकी लावली तर 10 ते 15. टाइल निवडली जाते त्याच दिवशी हे चारही फरक मांडा, लादी बसल्यावर नको.

निवडी उशिरा होणं हे खर्च वाढण्याचं मोठं आणि दुर्लक्षित कारण आहे. त्यासाठी मालकाला दोष देण्याआधी त्याला तारखा दिल्या होत्या का, ते बघा. भिंतीवर टांगायचं कमोड हवं असेल तर त्याची फ्रेम आणि टाकी भिंतीत जाते, म्हणजे निर्णय वीटकामाआधी किंवा निदान प्लंबिंगच्या आधी हवा. किचन ओट्याची मांडणी विजेच्या पाइपआधी ठरायला हवी, कारण चिमणी, ओव्हन, फिल्टर यांचे पॉइंट तिच्यावर ठरतात. एसी कुठे येणार हे प्लास्टरआधी, नाहीतर त्याच्या पाण्याचा पाइप नव्या रंगावरून लोंबतो. फरशीची एकूण जाडी दरवाजांच्या चौकटी बसवण्याआधी. ती चुकली की दरवाजे खालून तासावे लागतात किंवा बाथरूमचा उंबरा उलटा होतो. प्रत्येक निवडीसमोर 'या तारखेपर्यंत' आणि 'त्यानंतर बदलल्यास तोडफोड, दुरुस्ती आणि दिवस वेगळे' असं लिहिलेलं एक पान कराराला जोडा. प्लास्टरनंतर एक स्विचबोर्ड दीड फूट सरकवायचा म्हटलं तर भिंतीत झिरी (खाच) मारणं, पाइप, वायर, बॉक्स, जुनं भोक बुजवणं, पाणी मारणं आणि आख्ख्या भिंतीचा रंग, एवढं होतं. मालकाला ते 'एक बोर्ड' वाटतं. विजेच्या कामात 'पॉइंट' म्हणजे काय हेही एका ओळीत सांगा : किती लांबीपर्यंतची वायर, स्विच धरून की सोडून, दोन ठिकाणांहून चालणारा दिवा एक पॉइंट की दोन.

वाढीव कामाची चिठ्ठी हे तुमचं मुख्य हत्यार. कार्बन लावलेली, अनुक्रमांक छापलेली साधी पावतीपुस्तकं पुरतात. प्रत्येक चिठ्ठीवर एवढं असू द्या :

चिठ्ठी क्रमांक आणि तारीख. बदल कोणी सांगितला. कुठली खोली, कुठलं ड्रॉइंग. नवीन काय होणार. त्यामुळे जुनं काय होणार नाही. परिमाण, दर, रक्कम. कामाचे किती दिवस वाढणार. मालकाची सही, तुमची सही.

'जुनं काय होणार नाही' हा रकाना आम्ही मुद्दाम वेगळा काढला आहे. खिडकी मोठी केली की खिडकीचे पैसे लावले जातात, पण तिथली भिंत आणि दोन्हीकडचं प्लास्टर वजा केलं जात नाही. रक्कम किरकोळ असते. पण मालकाच्या मेव्हण्याला ती वजावट न केल्याचं लक्षात येतं, आणि मग तुमच्या 40 चिठ्ठ्यांची उलटतपासणी होते. वजावट आपणहून दाखवा.

दर कुठून आणायचा? करारासोबत 20-25 बाबींची दरसूची जोडा : खोदाई, पीसीसी, आरसीसी, सळई, वीटकाम, प्लास्टर, झिरी, पॉइंट, तोडफोड. बाब तिथे असेल तर तोच दर. नसेल तर जवळच्या बाबीवरून काढा आणि कसा काढला ते लिहा. तेही जमत नसेल तर साहित्य बिलाप्रमाणे, मजुरी हजेरीप्रमाणे आणि वर तुमचा ठरलेला टक्का. तो 10 की 15 की 20, हे कराराच्या दिवशीच ठरवा. हजेरीवरच्या कामाची हजेरी रोज संध्याकाळी सही करून घ्यायची. चिठ्ठीवर सही नसेल तर काम सुरू करू नका. यात एकच अपवाद : जीविताला धोका असेल, खड्ड्याची बाजू ढासळत असेल, तर आधी आधार द्या, मग कागद करा आणि त्याच दिवशी करा.

भाववाढीबद्दल थोडक्यात. सिमेंट आणि सळईचे दर कुठल्या तारखेला किती धरले ते करारात लिहा. 5 टक्क्यांपर्यंतची चढउतार तुम्ही सोसायची, त्यापुढची मालकाने, असा नियम बहुतेकांना पटतो. धरलेला दर 100 असेल आणि आज तो 112 झाला असेल, तर 7 चा फरक मिळेल, तोही फक्त यापुढे लागणाऱ्या सळईवर, आणि हिशोबाने लागणाऱ्या वजनावर. दर 88 झाला तर तेवढाच परत. भाव उतरल्यावर परत द्यायची तयारी नसेल, तर चढल्यावर मागू नका.

पैशांचा ओघ. वाढीव कामाची बिलं शेवटी एकदम लावण्याची सवय सोडा. प्रत्येक टप्प्याच्या रनिंग बिलात त्या टप्प्यातल्या चिठ्ठ्या आल्याच पाहिजेत. मालकाचा राखीव निधी कुठवर आला हे त्याला तेव्हाच कळतं, आणि महागडे नळ घ्यायचे की नाही हे तो ठरवू शकतो. उचल घेतली असेल तर ती पुढच्या बिलांतून ठरलेल्या प्रमाणात वळती झालेली दाखवा. मालकाने 5 टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून (काम नीट झाल्याची हमी म्हणून) मागे ठेवली तर कुरकुर करू नका. निम्मी ताबा देताना, निम्मी दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर, आणि ती तारीख करारात हवी.

हे पत्र मालकांनी वाचलं तर त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. ठेक्याच्या रकमेच्या 10 ते 15 टक्के वेगळे ठेवा. जुन्या घराला जोडकाम असेल तर 20. हा पैसा न दिसणाऱ्या कामासाठी आहे, मनात आलेल्या झुंबरासाठी नाही. आणि एका बाबीवर वाद असला म्हणून आख्खं बिल अडवू नका. वादातली बाब बाजूला काढा, बाकीचे पैसे ठरल्या दिवशी द्या. मजुरांचे पगार थकले की गवंडी दुसऱ्या साइटवर जातो आणि पंधरा दिवस परत येत नाही. त्या पंधरा दिवसांचं नुकसान वादातल्या रकमेपेक्षा मोठं असू शकतं.

एवढं करूनही वाद होईल तेव्हा. सगळ्यात आधी दोघांनी मिळून जागेवर मोजणी करायची, टेप एका बाजूचा माणूस धरेल, वही दुसऱ्या बाजूचा लिहील. किती काम झालं आणि त्याचा दर किती, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. निम्म्या वेळा परिमाणावर एकमत होतं आणि फक्त दर उरतो. दर्जाचा वाद असेल तर आवाज चढवण्याऐवजी चाचणी. काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे ठोकळे प्रत्येक स्लॅबच्या वेळी भरून 7 आणि 28 दिवसांनी तपासलेले असतील तर वाद तिथेच संपतो. भरले नसतील तर रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून त्याचा कठीणपणा दाखवणारं उपकरण) पुरावा म्हणून एकटा पुरत नाही, त्याने कुठली जागा संशयास्पद आहे एवढंच कळतं. शेवटी कोअर (काँक्रीटमधून कापलेले गोल नमुने) काढावे लागतात. स्लॅबमधली सळई आणि कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) कव्हरमीटरने न फोडता तपासता येतं. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून किमान 24 तास, गच्चीवर 48 ते 72 तास ठेवा, टाइल लावण्याआधी, दोघांच्या देखत. पाण्याचे पाइप भिंत बुजवण्याआधी चालू दाबाच्या दीडपट दाबावर तपासा, दाबमापकाच्या काट्याचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी. चाचणीचा खर्च जो चुकीचा ठरेल त्याचा, ही अट करारात असली की विनाकारण संशय घेणारे आणि विनाकारण छातीठोक बोलणारे दोघेही जपून बोलतात.

तरीही सुटत नसेल तर दोघांनाही मान्य असा एक तिसरा इंजिनिअर, ज्याचं नाव करारातच लिहिलेलं असेल. वाद झाल्यावर तिसरा माणूस शोधायला गेलात तर ज्याने सुचवला त्याचा तो, असं दुसऱ्याला वाटणारच. काम थांबवायचं असेल तर आधी लेखी कळवा : कुठल्या चिठ्ठीचे किंवा बिलाचे पैसे, कुठल्या तारखेपासून थकले, किती दिवसांत न मिळाल्यास थांबणार. न सांगता माणसं काढून घेतलीत तर बरोबर असूनही चुकीचे ठरता.

काम सोडायचीच वेळ आली तर त्या दिवसापर्यंतच्या कामाची संयुक्त मोजणी, साइटवर पडलेल्या साहित्याची यादी, कोणाचं काय ते नावानिशी, आणि अर्धवट कामाचे फोटो. सेंटरिंग तुमचं असतं आणि ते सोडवून न्यायची घाई होते. ओल्या स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे हे इंजिनिअर ठरवेल, भांडण ठरवणार नाही. त्या दिवसांचं भाडं हवं तर बिलात लावा, टेकूला हात लावू नका.

शेवटच्या बिलाला मूळ ठेका, चिठ्ठ्यांची क्रमवार यादी, वजावटी, भाववाढीचा तक्ता, मिळालेल्या रकमा आणि रिटेन्शन, अशी सहा पानं जोडा. भिंतीत गेलेल्या पाइप आणि वायरींचे बुजवण्याआधी काढलेले फोटो खोलीवार फोल्डर करून मालकाला द्या, पहिला पडदा लावायला ड्रिल मारण्याआधी. चिठ्ठीपुस्तकाचा नमुना आणि 'यात काय नाही' ही यादी तुमच्या पुढच्या कोटेशनला जोडलेली असावी, एवढी विनंती.

आपले,
घरबांधणीची मोजमापं आणि बिलं तपासणारे काही इंजिनिअर